दाभणानं उघडलेली बाटली

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. मल्लिकार्जुन उदगिरात सासऱ्याच्या घरी आठ वर्षं राहिला होता. आपली अक्कल अजून शाबूत आहे असं त्याचं मत होतं, आणि त्या घरात हे मत बाळगणारा तो एकटाच होता.

सासरे माणिकप्पा. धान्यबाजारात, म्हणजे मोंढ्यात, तुरीची आडत, मागं डाळीची गिरणी, बायपासला अकरा एकर रान आणि गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. एवढं सगळं असून माणूस दात कोरून पोट भरणारा. लग्नपत्रिका आली की तिची कोरी बाजू कापून तिच्यावर तुरीचे भाव लिहायचा. दुष्काळ पडल्यापासून पाहुण्याला पाणी विचारणं त्यानं बंद केलं होतं. ‘चहाच घ्या’ म्हणायचा, कारण चहाला पाणी कमी लागतं. मल्लिकार्जुनाला हे सगळं पाहून किळस यायची, आणि दोन वेळचं जेवण त्याच ताटात असल्यामुळं ती गिळावीही लागायची.

तो मूळचा जळकोटचा. माणिकप्पाच्या लेखी जळकोट म्हणजे गावच नव्हे. तिकडची तूर उदगीरच्या मोंढ्यात आली की उदगीरची म्हणून पुढं विकायची, एवढाच त्या गावाचा उपयोग. सोयरीक करतानाही त्यानं भाऊबंदांत ‘जावई उदगीरकडचा’ एवढंच सांगितलं होतं. जेवताना मात्र आठवण करून द्यायचा, “खावा जावईबापू, जळकोटात असलं तूप कुठलं?” सिंधु, म्हणजे मल्लिकार्जुनाची बायको, हे ऐकून ताटावरून उठायची. बाप तिचा, नवरा तिचा, आणि अपमान रोजचा.

सोळा साल. एप्रिलचं ऊन. विहिरी कोरड्या, बोअर आठशे फुटांवर फुफाटा ओकत होते आणि लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. पण मोंढ्यात चर्चा एकच, उदगीर जिल्हा होणार. कलेक्टर कचेरी कुठं होणार, बायपासला की स्टेशनकडं, यावरून दोन आडत्यांनी एकमेकांच्या घरचं जाणं-येणं तोडलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्यांच्या दारात रोज तुरीची पोती उतरतात त्यांना तरी कळायला हवी होती. माणिकप्पाला वाटायचं, कचेरी आपल्या अकरा एकरांसमोर व्हावी. म्हणजे रानाचे प्लॉट पाडता येतील.

त्या महिन्यात कसलीशी पाहणी समिती जागा बघायला येणार होती. समितीचे मुख्य एक निवृत्त साहेब, पुण्याचे. माणिकप्पानं साहेबांच्या ड्रायव्हरला फोन करून आवडनिवड काढली आणि दुपारी जावयाला आडतीवर बोलावलं.

“साहेब फकस्त बोर्डोची लाल वाइन घेत्यात म्हणं. फ्रान्सात हाय ते गाव. दुसरं काय तोंडाला लावत न्हाईत. तुमी घेऊन या.”

“मामा, मी कधी वाइन पाह्यली?”

“मी पाह्यली का? गळ्यात लिंग घालून मी त्या दुकानात जाऊ व्हय? आन् हे बगा, नाव बोर्डोचंच पायजे. भाव मात्र आपल्या बेतातला पायजे.”

मल्लिकार्जुनाला मनातल्या मनात हसू आलं. साहेबांना लाच द्यायची तीही वटावात. त्यानं विचारलं, बेत केवढ्याचा? माणिकप्पानं खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला, त्याखाली जावयाचा हात धरला आणि एक बोट दाबलं. मोंढ्यातले जुने व्यापारी असाच भाव करतात, चारचौघांत पण कुणाला न कळता. एक बोट म्हणजे हजार.

मल्लिकार्जुनानं हात सोडवून घेतला नाही. आठ वर्षांत सासऱ्याचा हात त्याच्या हातात पहिल्यांदाच आला होता. त्यानं रुमालाखालीच तो घट्ट धरला.

“मग माझंबी ऐका. हजारात बाटली आणली आन् साहेब खूश होऊन गेला, तर बसव जयंतीला लातूरच्या दुकानाची किल्ली मला.”

लातूरला माणिकप्पाची दुसरी आडत होती. तिथला मुनीम दिवाळीत वारला, तेव्हापासून दुकान आठवड्यातून एकदा उघडायचं. मल्लिकार्जुनाला ते हवं होतं. दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. पाणी नसलेलं लातूर परवडलं, पण सासऱ्याच्या हौदाचं पाणी नको, असं त्याचं आणि सिंधुचं रोज रात्री ठरायचं आणि सकाळी मोडायचं. माणिकप्पा चिक्कू होता, तोंडानं विखारी होता, पण रुमालाखालचा शब्द त्यानं चाळीस वर्षांत फिरवला नव्हता. मोंढ्यात त्याची पत होती ती तेवढ्यावरच.

माणिकप्पानं जावयाकडं क्षणभर पाहिलं आणि बोट पुन्हा दाबलं. “हाव. दिली.”

दुसऱ्या दिवशी मल्लिकार्जुन सकाळच्या एसटीनं लातूरला गेला. रस्त्याच्या कडेनं रंगीत घागरींच्या रांगा लागल्या होत्या. माणसं नंबरासाठी घागरी ठेवून सावलीला बसली होती. वाइन शॉप मात्र गल्लोगल्ली उघडी होती, आणि त्यात गंमत अशी की एकाही वाइन शॉपात वाइन नव्हती. पाट्या वाइनच्या, आत व्हिस्की, रम आणि बियर. बोर्डो म्हटल्यावर एका दुकानदारानं त्याला थंड बियर पुढं केली. दुसरा म्हणाला, “ते झाडाला फवारायचं औषध व्हय? ते कृषी केंद्रात मिळतं.” नाव मोठं लक्षण खोटं, असं पुटपुटत मल्लिकार्जुन उन्हातून पुढं चालत राहिला.

पाचव्या दुकानात श्रीमंत भेटला. हा पूर्वी भूगोल शिकवायचा. लातुरात भूगोलाची शिकवणी लावतो कोण? ज्याला त्याला पोरगं डॉक्टर करायचंय. शेवटी तो मेव्हण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसला होता आणि बाटल्यांवरची लेबलं नकाशे वाचावेत तशी वाचायचा. बोर्डोचं नाव काढताच त्याचा चेहरा फुलला.

“बोर्डो म्हणजे मोठा मुलूख हाय. नदीच्या काठी मोजकी मानाची गावं. तिथल्या एका बाटलीत तुमचं उदगीरला घर होईल. पण टेकडीच्या पल्याड, कडंकडंनं बारकी गावं हाईत. द्राक्ष त्याच जातीचं, मातीतबी लई फरक न्हाई, कायद्यानं बाटलीवर बोर्डो लिहायला परवानगी. फकस्त गावाचं नाव कुणी ऐकलेलं न्हाई, म्हणून भाव खाली. पैसे कमी आन् बोर्डो पायजे असंल, तर हे कडंचं गाव घ्यायचं.”

त्यानं स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक बाटली काढली. कुणा डॉक्टरानं मागवली आणि नेलीच नाही. लेबलाचा एक कोपरा झुरळांनी खाल्ला होता, म्हणून सोळाशे. मल्लिकार्जुनानं घासाघीस करून पाहिली. श्रीमंत म्हणाला, सरकारचा करच एवढा आहे की त्याहून खाली उतरलो तर मला पुन्हा भूगोल शिकवावा लागेल.

मल्लिकार्जुनानं सासऱ्याचे हजार दिले आणि सिंधुनं धान्याच्या डब्यात साठवलेले सहाशे वर घातले. कमी पडले तर असू द्या म्हणून तिनं ते सकाळी त्याच्या खिशात कोंबले होते. निघताना श्रीमंतनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही वाइन उघडून थोडा वेळ हवेवर ठेवायची. दोन, बोर्डो कधी एका द्राक्षाची नसते, तिथले लोक दोन-तीन जातींची मिसळ करूनच बनवतात. ही दुसरी गोष्ट मल्लिकार्जुनानं सासऱ्याला सांगायला नको होती.

संध्याकाळी गोदामात माणिकप्पानं बाटली दिव्यासमोर धरली. तुरीचा नमुना बघताना करायचा तसा एक डोळा बारीक केला. हजारात मिळाली हे ऐकून समाधानानं हुंकारला. मग मल्लिकार्जुनानं कडेच्या गावांची हकीकत सांगितली, तेव्हा तो पोट धरून हसला.

“म्हणजे फ्रान्समदीबी जळकोट हाय म्हणा की! नाव उदगीरचं आन् माल जळकोटचा!”

बाजूला पोती रचणारा म्हातारा हमाल मलप्पाही हसला. मल्लिकार्जुनाच्या कानशिलांत रक्त चढलं. पण बसव जयंती पंधरा दिवसांवर होती, म्हणून तोही हसला. विषय बदलावा म्हणून घाईघाईनं मिसळीचं सांगून टाकलं. ते ऐकून माणिकप्पाचं हसणं थांबलं आणि डोळे चमकले.

“मिसळ करत्यात? मग ते आपल्यातलेच व्यापारी की! जावईबापू, साहेबासंगं आणखी दोघं हाईत. एक बाटली कुणाकुणाला पुरंल? मलप्पा, जा रं, स्टेशनाकडच्या दुकानातून आपल्या नाशकाकडची लाल बाटली आण. लई भारी नको.”

“मामा, ते तुरीसारखं नसतं,” मल्लिकार्जुन म्हणाला.

“समदं तुरीसारखंच असतं.”

मलप्पा बाटली घेऊन आला. ती झाकण फिरवून उघडली. फ्रेंच बाटलीचं बूच मात्र हलेना. ते काढायचं हत्यार असतं हे मल्लिकार्जुनाला ठाऊक होतं, पण त्या गोदामात पोती शिवायच्या दाभणाशिवाय हत्यार नव्हतं. माणिकप्पानं दाभण घातलं, पिळलं, ओढलं. निम्मं बूच वर आलं, निम्मं चुरा होऊन आत पडलं. मग नाकाला रुमाल बांधून, इष्टलिंग सदऱ्याच्या आत नीट सारून, त्या धर्मनिष्ठ माणसानं दोन्ही बाटल्या मलमलच्या फडक्यातून स्टीलच्या पातेल्यात गाळल्या आणि डावानं ढवळल्या. मल्लिकार्जुन दिवा धरून उभा होता. असल्या माणसाचं मीठ आपण आठ वर्षं खाल्लं, असं त्याला वाटलं. दिवा मात्र त्यानं नीट धरला होता.

चव कोण बघणार? मलप्पा. त्यानं आधी फ्रेंच बाटलीच्या तळाचा थेंब चाटला, मग पातेल्यातला घोट घेतला.

“पयली लई आंबट होती मालक. आता जरा बरी लागायली.”

“बगा,” माणिकप्पा जावयाला म्हणाला. “कडंचा माल एकटा खपत न्हाई. त्याला आधार द्यावा लागतो.” निम्मं मिश्रण फ्रेंच बाटलीत गेलं, निम्मं काचेच्या जगात. हवेवर ठेवलंय म्हणून सांगायचं ठरलं.

बायपासच्या रानात माणिकप्पाची दोन खोल्यांची बंगली होती. घरात असलं चालणार नव्हतं, म्हणून पंगत तिथं. दुसऱ्या दिवशी दुपारी जागा पाहून साहेब आले. उंच, गोरे, सुती कपडे, आणि कुणाशीही बोलताना त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघायची सवय. सोबतचे दोघं साहेबांच्या आधी हसायचे नाहीत आणि नंतर थांबायचे नाहीत. ताटात शेंगाच्या पोळ्या, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी.

“रेड वाइनबरोबर खरं तर मटण लागतं,” साहेब ताटाकडं बघत म्हणाले. “असो. तुमच्या भागात अपेक्षा तरी काय ठेवायची!”

मल्लिकार्जुन वाढायला होता. त्यानं बाटली दाखवली, पेला भरला. साहेबांनी पेला हलवला, त्यात नाक घातलं, डोळे मिटले, एक घोट घेऊन गालांत घोळवला. माणिकप्पाचा हात सदऱ्यावरून इष्टलिंगावर गेला. लातूरची किल्ली त्या एका घोटात अडकली आहे, हे मल्लिकार्जुनाला दिसत होतं.

“वा!” साहेब म्हणाले. “उदगिरात ही मिळेल असं वाटलं नव्हतं. गाभ्यातला माल आहे हा. हल्ली कडेच्या फालतू गावांतलं काहीतरी बोर्डो म्हणून खपवतात. मला जिभेवर ठेवलं की कळतं.”

दोघंही म्हणाले, कळतंच. माणिकप्पाच्या चेहऱ्यावर पाऊस पडल्यासारखं झालं. मल्लिकार्जुनाच्या छातीवरचा दगड उतरला. किल्ली मिळाली. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायचा त्याला आठ वर्षांचा सराव होता.

दुसरा पेला काचेच्या जगातून भरला. साहेब खुलले. जिल्ह्याच्या गोष्टी निघाल्या. माणिकप्पानं विचारलं, नव्या जिल्ह्यात कोणकोणते तालुके येतील?

“त्याला काय आहे?” साहेब चटणीवर बोट टेकवत म्हणाले. “मुख्य गाव ठरलं की बाकीची कुठेही टाकता येतात. ते जळकोट-बिळकोट, त्यांना विचारतो कोण? भाजीवरची कोथिंबीर. इकडे घाला नाहीतर तिकडे घाला, चवीत काही फरक नाही.”

दोघं हसले. माणिकप्पा हसला, आणि हसता हसता त्यानं जावयाकडं पाहिलं. ते पाहणं मल्लिकार्जुनाला सहन झालं नाही. ज्या माणसाला पातेल्यातली मिसळ गाभ्यातली वाटते, तो माणूस माझ्या गावाची चव सांगणार? त्याला साहेबांचा इतका तिटकारा आला की सासऱ्याचा तिटकारा त्यापुढं फिका पडला. त्यानं हातातला जग खाली ठेवला.

“साहेब,” तो म्हणाला, “ही वाइन गाभ्यातली न्हाई. कडंच्याच गावची हाय. आन् तीबी निम्मीच. निम्मी नाशकाकडची. आमच्या मामांनी काल गोदामात पातेल्यात मिसळली.”

माणिकप्पाचा घास हातातच थांबला. मल्लिकार्जुनाला वाटलं, गेली किल्ली, गेलं लातूर, गेले सिंधुचे सहाशे. पण छाती अशी मोकळी झाली होती की त्याला कशाचं वाईट वाटेना. आठ वर्षांत पहिल्यांदा तो त्या माणसांसमोर ताठ उभा होता.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ त्याच्याकडं. आणि ते खदखदून हसले.

“पातेल्यात!” ते म्हणाले. “माणिकप्पा, तुमचे जावई भलतेच गमत्ये आहेत हो!”

दोघं हसायला लागले. मल्लिकार्जुनाला वाटलं, नीट सांगितलं नाही. तो पुन्हा म्हणाला, “खरंच साहेब. बूच दाभणानं काढलं. त्याचा चुरा पडला म्हणून मलमलच्या फडक्यातून गाळली. आमच्या हमालानं चव बघितली.”

“हमालानं!” साहेबांना ठसका लागला. एकानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. डोळे पुसत साहेबांनी पेला पुढं केला. “घाला, घाला. त्या हमालाला माझा नमस्कार सांगा. तुम्ही मंडळी बोर्डोची थट्टा करता, पण तुम्हाला ते माफ आहे. तुमच्या बापजन्मी कधी प्यायला मिळाली नसेल. कळायचं कसं?”

माणिकप्पाच्या तोंडातून आधी एक बारीक आवाज निघाला, मग तोही हसू लागला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मल्लिकार्जुनानं जग उचलला आणि पेला भरला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

साहेब जाताना खूश होते. जागा उत्तम आहे, मी तसं लिहितो, असं म्हणून गाडीत बसले. त्यांनी लिहिलं की नाही ते त्यांनाच ठाऊक. जिल्हा तर काही झाला नाही.

बसव जयंतीला सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूती ओढून माणिकप्पा ओसरीवर बसला आणि जावयाला बोलावलं. त्या जेवणापासून तो मल्लिकार्जुनाशी एक शब्द बोलला नव्हता. पंधरा दिवस सिंधुनं नवऱ्याला ‘का बोललात?’ म्हणून विचारलं नव्हतं. तिनं फक्त लातूरसाठी भरलेली ट्रंक उघडून कपडे परत कपाटात ठेवले होते.

माणिकप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि हात पुढं केला. मल्लिकार्जुनानं रुमालाखाली हात घातला. तळव्याला थंडगार लोखंड लागलं.

“साहेब खूश झाला. बाटली हजारात आली. शब्द म्हंजी शब्द,” माणिकप्पा म्हणाला.

“मामा, मी तर समदं सांगून टाकलं होतं,” मल्लिकार्जुन म्हणाला.

“तेच तर.” सासऱ्यानं त्याची मूठ किल्लीवर मिटवली आणि वरून थोपटली. एवढ्या मायेनं त्यानं जावयाला कधीच हात लावला नव्हता. “त्या रातीला मला झोप न्हाई आली. मला वाटलं होतं, तुमी कामाचे न्हाईत. पर चाळीस वर्सं मी मिसळ केली ती लपवून केली, भीत भीत केली. तुमचं तसं न्हाई. तुमी गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं सांगितलं, तरी त्याला ते खरं वाटत न्हाई. असा माणूस मोंढ्यात शोधून सापडत न्हाई, जावईबापू. लातूरचं दुकान तुमीच चालवा.”

मल्लिकार्जुनाला किल्ली त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. आतून दारात सिंधु येऊन उभी राहिली होती. तिनं डोळ्यांनीच विचारलं.

“मिळाली,” तो म्हणाला, आणि ट्रंक भरायला आत गेला.